बोटं हलली, रक्तप्रवाह कमी वाढला: दोष कोणाचा?

बोटं टॅप करताना स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या मेंदूत रक्तप्रवाह कमी वाढला, असं एखाद्या पेपरात वाचलंत की लगेच ‘आजाराचा परिणाम’ लिहून मोकळे होऊ नका. एफएमआरआय चेतापेशींचं काम थेट मोजत नाही. रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल टिपतो. गडमुडशिंगीत उसाला पाणी कमी पोचलं तर आधी मोटर आणि पाट बघतात, उसाला दोष देत नाहीत. इथेही तसंच. अँटिसायकोटिक औषधांनी हालचाल मंदावू शकते, आणि बोटंच हळू हलली तर प्रवाहही कमी वाढणार. पण सगळं औषधांवरही ढकलू नका: ती १९५२ नंतर आली, क्रेपेलिनने हालचालींतले दोष त्याआधीच नोंदवले होते. म्हणून निष्कर्षाआधी पद्धत वाचा: औषधाचा डोस, टॅपचा वेग, डोक्याची हालचाल नोंदवलीय का? नसेल, तर ‘याचा मेंदूच मंद’ हा शिक्का रुग्णावर मारू नका.