दंगलीचे मूळ आणि अहवालाची भाषा

वस्ती पेटली की शासन प्रथम पोलीस पाठवते आणि मग आयोग नेमते. पोलिसांच्या लाठीविषयी आपण पुष्कळ लिहिले आहे. आयोगाच्या अहवालाची समीक्षा मात्र आपल्याकडे क्वचितच होते. कवितेला आणि आत्मकथनाला आपण जे प्रश्न विचारतो ते अहवालालाही विचारले पाहिजेत, असे माझे मत आहे. कोण बोलतो आहे? कोणासाठी बोलतो आहे? कोणाचे नाव घेतो आणि कोणाचे गाळतो? हे प्रश्न घेऊन मी येथे अमेरिकेतील एका गाजलेल्या अहवालाकडे पाहणार आहे. तो म्हणजे १९६८ चा कर्नर अहवाल.

१९६७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या अनेक शहरांतील काळ्यांच्या वस्त्या पेटल्या. नेवार्क आणि डेट्रॉइट येथील उद्रेक सर्वांत मोठे होते. २३ जुलैच्या पहाटे डेट्रॉइटच्या पोलिसांनी बाराव्या रस्त्यावरील एका विनापरवाना दारूच्या गुत्त्यावर धाड घातली. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठी तेथे मेजवानी चालली होती. पोलिसांनी ऐंशीहून अधिक माणसांना सरसकट अटक केली. बाहेर जमाव जमला आणि मग पाच दिवस शहर जळत राहिले. ४३ माणसे मेली, त्यांपैकी ३३ काळी. सात हजारांहून अधिक लोक कोठडीत गेले. शहरात लष्कर उतरले. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी इलिनॉयचे गव्हर्नर ओटो कर्नर यांच्या अध्यक्षतेखाली ११ जणांचा आयोग नेमला. त्यात काळे दोनच, सिनेटर एडवर्ड ब्रुक आणि एन.ए.ए.सी.पी.चे रॉय विल्किन्स. दोघेही नेमस्त. जळालेल्या गल्लीतला एकही माणूस आयोगावर नव्हता.

असे असूनही या अहवालाचे श्रेय नाकारता येणार नाही. दंगलीमागे कोणाचा तरी कट असावा, असा संशय सत्ताधाऱ्यांना होता. आयोगाने कटाची कल्पना फेटाळली. दंगलखोर म्हणजे गुंड, मवाली, बाहेरून आलेले उपरे, ही प्रस्थापितांची आवडती समजूतही त्याने पाहणी करून खोडून काढली. दगड उचलणारा तरुण बहुधा त्याच शहरात वाढलेला होता, दंगलीपासून दूर राहिलेल्या शेजाऱ्यापेक्षा थोडा अधिक शिकलेला होता, आणि स्वतःच्या वंशाचा त्याला अभिमान होता. उद्रेकाच्या मुळाशी गोऱ्यांचा वंशवाद आहे, हेही अहवालाने स्पष्ट म्हटले. बहुसंख्येने गोऱ्या असलेल्या सरकारी आयोगाने हे लिहावे, ही लहान गोष्ट नव्हती. लाखो वाचकांनी हा अहवाल विकत घेऊन वाचला.

मग माझी तक्रार कोठे आहे? ती अशी की, हा अहवाल वंशवादाला प्रामुख्याने वृत्ती म्हणून पाहतो. गोऱ्या संस्थांनी काळ्यांची कोंडवाडावस्ती निर्माण केली, ही कबुली त्यात आहे. परंतु कोणत्या कचेरीने, कोणत्या साली, कोणत्या कागदावर सही करून ती निर्माण केली, हे तो पुरेसे सांगत नाही. सारा समाज दोषी ठरतो तेव्हा कोणीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहत नाही. वृत्तीवर समन्स बजावता येत नाही. सहीवर येते.

त्या सह्या कोठे आहेत? १९३३ मध्ये होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन ही सरकारी संस्था निघाली. तिने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. काळ्यांच्या वस्त्यांवर जवळजवळ सर्वत्र लाल रंग चढला. लाल म्हणजे कर्जाला धोक्याची जागा. १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन आले. घरकर्जाला सरकारी हमी देणे हे त्याचे काम. वस्तीत वंशांची सरमिसळ झाली की घरांची किंमत घसरते, असे त्याचे नियमपुस्तक धरून चालले होते. खरेदीखतातच 'काळ्यांना विकू नये' अशी अट घालण्याला या खात्याचे उत्तेजन होते. अशा अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. तोवर उपनगरांची घडी बसत आली होती.

डेट्रॉइटमध्ये या धोरणाचे स्मारक पाहायला मिळते. १९४१ मध्ये एका बिल्डरला काळ्यांच्या वस्तीलगत गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती. काळे शेजारी असल्यामुळे सरकारी हमी मिळेना. त्याने मध्ये भिंत बांधली. सुमारे सहा फूट उंच, अर्धा मैल लांब. हमी मिळाली. भिंतीचा बराच भाग आजही उभा आहे. तो बिल्डर काळ्यांचा द्वेष करीत होता की नव्हता, हा प्रश्न येथे गौण ठरतो. त्याला कर्ज हवे होते आणि कर्जाची किंमत भिंत ही होती. द्वेष न करणाऱ्या माणसालाही भेद करायला लावते, तिला मी व्यवस्था म्हणतो.

पुढची साखळी पाहा. ब्लॅक बॉटम आणि पॅरडाइज व्हॅली या काळ्यांच्या जुन्या वस्त्या नूतनीकरण आणि महामार्ग यांसाठी पाडल्या गेल्या. माणसे बाराव्या रस्त्यासारख्या भागांत दाटीवाटीने जाऊन राहिली. त्याच काळात मोटारींचे कारखाने शहराबाहेर सरकत होते. १९४७ ते १९६३ या काळात डेट्रॉइटने कारखान्यांतील सुमारे १,३४,००० नोकऱ्या गमावल्या, हे थॉमस सुग्रू या इतिहासकाराने १९९६ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे. गोरा कामगार कारखान्यामागे उपनगरात गेला. काळ्याला तेथे घर मिळत नव्हते. म्हणजे घराच्या नकाशाने नोकरी हिरावली. नोकरी गेल्यावर रस्त्यावर उभे राहणे आले, आणि रस्त्यावर उभ्या असलेल्याला पोलीस भेटला. १९६७ मध्ये शहराच्या लोकसंख्येत काळे सुमारे ४० टक्के होते, पोलीस दलात सुमारे ५ टक्के. गुत्त्यावरील धाड ही या साखळीची शेवटची कडी होती. आग तेथे दिसली, पण तिचे सरण १९३४ पासून रचले जात होते.

कर्नर आयोगाला हे अगदीच दिसले नसेल का? आयोगाच्या नोकरीतील समाजशास्त्रज्ञांनी नोव्हेंबर १९६७ मध्ये एक मसुदा तयार केला होता. 'द हार्वेस्ट ऑफ अमेरिकन रेसिझम' हे त्याचे नाव. काळ्या तरुणांच्या उद्रेकात राजकीय जाणीव आहे, ते आंधळे थैमान नाही, असे त्यात मांडले होते. मसुदा नाकारला गेला आणि तो लिहिणाऱ्यांना कामावरून दूर करण्यात आले. पुस्तकरूपाने तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे पन्नास वर्षांनी. अहवालातील काळा माणूस दुःख भोगतो, निराश होतो, भडकतो; तो विचार करतो असे मात्र फारसे दिसत नाही. आपल्या साहित्यातील सहानुभूतीच्या लेखनावर आपण हाच आक्षेप घेत आलो आहोत. दलिताचे अश्रू त्या लेखनाला चालतात, त्याचा युक्तिवाद चालत नाही.

अहवालाचे पुढे काय झाले? वीस लाख नोकऱ्या आणि पाच वर्षांत साठ लाख घरे निर्माण करा, अशी शिफारस होती. ती तशीच राहिली. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, शहरे पुन्हा पेटली आणि ११ एप्रिलला घरविक्रीतील भेदभावाविरुद्ध कायदा झाला. पण त्याला दात नव्हते. ते १९८८ च्या दुरुस्तीने थोडेफार आले. याउलट पोलीस यंत्रणेला केंद्राचा पैसा पुरवणारा कायदा १९६८ च्या जूनमध्येच झाला. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डेट्रॉइटच्याच खटल्यात सांगितले की, शाळांच्या एकत्रीकरणासाठी उपनगरांना शहराशी जोडता येणार नाही. नकाशावरची रेघ अशी पवित्र ठरली. मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनी कर्नर आयोगापुढेच सांगितले होते की, १९१९ च्या शिकागोपासून प्रत्येक दंगलीनंतर तेच निदान, तोच उपाय आणि तीच निष्क्रियता आपण वाचत आलो आहोत. १९९२ चे लॉस एंजेलिस आणि २०२० चे मिनियापोलिस यांनी त्यांची साक्ष खरी ठरवली.

आता आपल्याविषयी. ओकलंडमध्ये १९६६ साली स्थापन झालेल्या ब्लॅक पँथरचे नाव १९७२ मध्ये मुंबईतील तरुणांनी आपल्या संघटनेला घेतले. काळ्यांची कविता आणि तिचा नकार आपल्या समीक्षेत आला. त्याचे मोल मी कमी करीत नाही. परंतु त्या पँथरच्या दहा कलमी कार्यक्रमात माणसाला राहण्याजोग्या घराची मागणी होती, याची चर्चा आपल्याकडे तितकीशी झाली नाही. आपण त्यांचा आवेश घेतला. त्यांच्या अभ्यासाचा भाग मागे राहिला.

वंश आणि जात एकच आहेत, असे मी म्हणत नाही. डेट्रॉइटचा लाल रंग कचेरीतील कारकुनाने भरला. आपल्या गावाची वेस कोणत्याही कचेरीआधीची आहे आणि तिला धर्माचा आधार आहे. म्हणून तेथे कायद्याने जे पुसता येईल ते येथे केवळ कायद्याने पुसता येणार नाही. पण आयोगांचे वाचन कसे करावे, हा धडा समान आहे. १९७४ च्या वरळीच्या दंगलीनंतर भस्मे आयोग बसला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबारात १० माणसे मारली गेली, तेव्हा गुंडेवार आयोग बसला. आयोगाला नेमून दिलेली मुदत आणि विषय त्या दिवसापुरता असतो. वस्तीत पाणी कोणत्या साली आले, घरे कोणी पाडली, भरतीत कोणाला घेतले नाही, हे प्रश्न आयोगाच्या कार्यकक्षेबाहेर राहतात. ते कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी विचारायचे असतात. त्यासाठी नगररचनेचे नकाशे, नगरपालिकेचे ठराव आणि बँकांचे कर्जाचे अर्ज हेही आपल्या अभ्यासाचे साहित्य मानले पाहिजे.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डॉ. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे जो अर्ज गेला होता, त्याच्या दोन-तीन प्रती त्यांनी मागितल्या. सहवेदना त्या पत्रात होतीच. पण त्यांना कागद हवा होता, कारण तो वाचून त्यांना पुढचे पाऊल ठरवायचे होते. विद्रोहाला कवितेइतकीच अशा वाचनाची गरज आहे.