विंचवाचे बिऱ्हाड

एखादे पुस्तक आपल्याला मनापासून आवडते, आपण दहा जणांपाशी त्याचे कौतुक करतो, आणि मग एके दिवशी ते चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवण्याचा प्रसंग येतो. त्या दिवशी खरी परीक्षा होते ती पुस्तकाची नव्हे, तर आपल्या आवडीची. जेराल्ड ड्युरेल यांच्या ‘माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स’ या पुस्तकाच्या बाबतीत माझी अशी परीक्षा झाली. तीत मी पुरता उत्तीर्ण झालो असे म्हणवत नाही. म्हणूनच हा लेख.

पुस्तक १९५६ सालचे. इंग्रजी वाचणाऱ्यांच्या घरोघरी ते पोचले आहे. ग्रीस देशातील कॉर्फू नावाच्या बेटावर एक विधवा आई आपल्या चार मुलांना घेऊन राहायला येते. थोरला लॅरी लेखक. दुसरा लेस्ली बंदुकांचा वेडा. मुलगी मार्गो आपल्या रूपाच्या काळजीत. आणि धाकटा दहा वर्षांचा जेरी, म्हणजे प्रत्यक्ष लेखक, दिवसभर रॉजर नावाच्या कुत्र्याला बरोबर घेऊन किडे, पाली, साप, पक्षी गोळा करत हिंडणारा. जे सापडेल ते घरी आणायचे हा त्याचा नेम. न्हाणीघरातल्या टबात पाण्यातले साप, खोलीत घुबडाचे पिल्लू, सगळीकडे धुडगूस घालणारे दोन चोरटे पक्षी. १९३५ ते १९३९ अशी चार-साडेचार वर्षे हे कुटुंब तेथे राहिले. लेखकानेच प्रस्तावनेत कबूल केले आहे, की त्याला लिहायचे होते बेटाच्या निसर्गाविषयी, पण पहिल्याच पानांत घरच्या माणसांना आत घेण्याची चूक त्याच्याकडून झाली आणि त्यांनी मग पुस्तकच व्यापले.

ही चूक म्हणजेच या पुस्तकाचे भाग्य होय. निसर्गवर्णने करणारे लेखक पुष्कळ आहेत आणि घरगुती विनोद करणारेही पुष्कळ. परंतु एकाच वाक्यात घर आणि रान नांदवणे फार थोड्यांना साधते. आपल्याकडे पु. ल. देशपांडे यांच्या ‘हसवणूक’ (१९६८) मधील ‘पाळीव प्राणी’ हा लेख घ्या. त्यात हसू आहे ते प्राण्यांचे नव्हे, प्राणी पाळणाऱ्यांचे. उलट व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ (१९८२) मध्ये वानरांचे जग इतके स्वयंपूर्ण आहे, की माणसाच्या घराची तेथे गरजच उरत नाही. ड्युरेल या दोहोंच्या मध्ये उंबरठ्यावर बसला आहे. त्याचे एक डोळे भरून पाहणे बाहेरच्या भिंतीकडे आहे आणि एक आतल्या जेवणाच्या टेबलाकडे.

त्या भिंतीचीच ही हकीकत. बागेच्या जुन्या, पोपडे सुटलेल्या भिंतीत जेरीला एके दिवशी विंचवाची मादी सापडते. तिच्या पाठीवर इवलीइवली पिल्ले दाटीवाटीने बसलेली. तो तिला आगपेटीत घालतो, घरी येतो, आणि जेवणाची वेळ झाल्यामुळे आगपेटी दिवाणखान्यात ठेवून विसरून जातो. जेवणानंतर लॅरी सिगारेट पेटवण्यासाठी नेमकी तीच आगपेटी उघडतो. मग टेबलभर विंचू, आरडाओरडा, एकाने दुसऱ्यावर पाणी फेकणे, आणि घरच्यांवर कोणीतरी हल्ला केला आहे अशी समजूत झालेला रॉजर कुत्रा समोर दिसलेल्या एकमेव परक्या माणसाच्या, म्हणजे मोलकरणीच्या, पायाला चावतो. मी हे प्रकरण प्रथम वाचले तेव्हा रात्री एकटाच इतका हसलो होतो की आतल्या खोलीतून आईने काय झाले म्हणून हाक मारली.

यंदा शाळा उघडल्यावरच्या पहिल्या महिन्यात, शनिवारच्या शेवटच्या तासाला, मी आठवीच्या वर्गाला हे पुस्तक सांगायला घेतले. मी इंग्रजी वाचत जाई आणि मराठीत सांगत जाई. पहिले दोन शनिवार उत्तम गेले. टबातल्या सापांना पोरे खदखदून हसली. ‘म्हणजे दिवड, गुरुजी!’ असे एकाने मागच्या बाकावरून सांगून टाकले, कारण दिवड विषारी नसते हे आमच्या कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तिसऱ्या शनिवारी मी विंचवाचे प्रकरण घेतले. माझ्या अपेक्षेप्रमाणे छप्पर उडायला हवे होते. थोडी मुले हसली, आणि त्यांचेही हसू मध्येच विरले. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘गुरुजी, मग कोणाला काही झालं का?’

मी म्हणालो, ‘कोणाला काही नाही. फक्त कुत्रा मोलकरणीला चावला.’

‘आणि पिल्लं सगळी सापडली?’

तिचा आजोबा भात कापताना विंचू लागून गेला होता, हे तास सुटल्यावर दुसऱ्या मुलांनी मला सांगितले.

घरी येऊन मी पुस्तक मिटून ठेवले. त्या रात्री माझे मत असे झाले, की हा सारा विनोद सुरक्षित माणसांचा विनोद आहे. कॉर्फूच्या भिंतीतला काळा, लहानसा विंचू डसला तर गांधीलमाशी चावल्याइतके दुखते. आमचा लाल विंचू हृदयावर घाला घालतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध विंचूदंशावर वापरून दाखवले ते गेल्या शतकातल्या ऐंशीच्या दशकात. त्याआधी विंचू लागलेल्या मुलाच्या उशाशी बसून घाम आणि श्वास मोजण्यापलीकडे आईबापांच्या हाती फारसे काही नसे. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या भागात अनेकांना आपल्या घरच्याचाच सत्कार झाल्यासारखे वाटले. विंचवाला विकारांचे रूप देणारे नाथांचे भारूड महाराष्ट्रात शतकानुशतके गायिले जाते, ते उगीच नव्हे. त्या भारुडातही हसू आहे. पण ते ठणका माहीत असलेल्यांचे हसू आहे. ड्युरेलपाशी ठणका नाही, असा निकाल मी देऊन टाकला.

समीक्षकाने निकाल देण्यापूर्वी पुस्तक पुन्हा वाचावे, हा नियम मी मुलांच्या निबंधांनाही लावतो. म्हणून मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली, आणि मला माझीच लाज वाटली. आगपेटीच्या कितीतरी आधी, यानी नावाचा एक म्हातारा मेंढपाळ जेरीला बजावून सांगतो, की उघड्यावर झोपत जाऊ नकोस. एक तरणाबांड मुलगा असाच झोपला, कानात विंचू डसला आणि तो गेला. इतकेच नव्हे, तर विंचू बुडवून ठेवलेली तेलाची बाटलीही तो औषध म्हणून दाखवतो. म्हणजे मृत्यू लेखकाने आधीच सांगून ठेवला होता. मीच हसण्याच्या घाईत तो ओलांडून गेलो होतो. पुढे तर एक मोठा समुद्रपक्षी जेरीला भेट देणारा माणूस हा बायकोचा खून केलेला कैदी निघतो. ड्युरेल तेही कपाळाला आठी न घालता सांगतो. त्याच्या बेटावर धोका नाही असे मुळीच नाही. ज्याला धोका म्हणतात त्याच्याकडे तो दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी पाहतो, एवढेच.

आणि मग मला आपली म्हण आठवली: विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. ही म्हण मनात धरून पुस्तक वाचले की ते निराळेच दिसू लागते. लेखकाचा जन्म १९२५ साली आपल्या जमशेदपूरचा. वडील इंजिनियर, ते १९२८ साली वारले. आई लुईझा हिचा जन्म रुरकीचा. हिंदुस्थानात जन्मलेली, येथेच संसार केलेली ही बाई नवऱ्यामागे मुलांना घेऊन जी निघाली, ती इंग्लंडात आली, तेथून कॉर्फूला गेली, आणि कॉर्फूतही गुलाबी घरातून पिवळ्या घरात आणि पिवळ्यातून पांढऱ्या घरात हलत राहिली. लॅरीचे पाहुणे मावेनात म्हणून मोठे घर घेतले. एक नातेवाईक बाई राहायला येणार म्हणताच लहान घर घेतले. आणि या प्रत्येक घरात चार मुले, त्यांची भांडणे आणि त्यांची जनावरे तिच्या पाठीवर. आगपेटीतली ती मादी आणि टेबलाच्या टोकाशी बसलेली ही आई यांचे नाते लेखकाने एका शब्दानेही सुचवलेले नाही. पण सगळे विंचू मारायला उठले असताना जेरी पिल्ले चमच्याने गोळा करून पुन्हा आईच्या पाठीवर चढवतो, बशीतून तिला बाहेर नेतो आणि बागेच्या भिंतीवर सोडतो. त्या पाठमोऱ्या मुलाच्या मनात काय असेल हे सांगण्याचा मोह त्याने टाळला आहे. वडिलांविषयी तो जवळजवळ बोलतच नाही. मला वाटते, या पुस्तकातील दुःख त्या न बोलण्यातच आहे.

असे असले तरी पुस्तक निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. चरित्रकारांनी एक दोष दाखवला आहे. प्रत्यक्षात लॅरी, म्हणजे पुढे कादंबरीकार म्हणून नावारूपाला आलेला लॉरेन्स ड्युरेल, कॉर्फूवर आपली पत्नी नॅन्सी हिच्यासह बराच काळ वेगळा राहत होता. पुस्तकात नॅन्सी नाहीच. हा दोष मला मोठा वाटत नाही. आठवणीत घर भरलेले असावे, थोरला भाऊ त्याच टेबलाशी असावा, असे वाटणे मनुष्यस्वभावाला धरून आहे. मीही कादंबऱ्या लिहितो. पात्रे गाळण्याचे पाप मी अनेकदा केले आहे.

मला बोचणारा दोष दुसरा आहे. त्या साऱ्या गोंधळात जखमी होते ती एकटी मोलकरीण. पुढे कित्येक दिवस ती पायाला पट्टी बांधून घरभर लंगडत हिंडते, जखम दाखवते. आणि तेही लेखकाने हशासाठी वापरले आहे. विंचवाच्या पिल्लांपुढे ज्याची नजर इतकी हळवी होते, तिला या बाईच्या पायापाशी थांबावेसे वाटले नाही. हे मी ड्युरेलला सुनावणार होतो. पण मग आठवले की वर्गात ‘फक्त’ हा शब्द माझा होता. ‘कोणाला काही नाही, फक्त मोलकरणीला.’ पुस्तकात तो शब्द नाही. मराठीत सांगताना तो मी घातला, आणि तिसऱ्या बाकावर तो कोणीतरी ऐकला.

येथे मला विलास मनोहर यांच्या ‘नेगल’ या पुस्तकाची आठवण होते. लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून हेमलकशाला आहे. तेथे प्रकाश आमटे यांच्या अंगणात बिबटे, अस्वले, माकडे मुलांबरोबर वाढली. घर आणि रान एका छपराखाली आणणारे हे मराठीतले पुस्तक. पण तेथे जनावर घरात येते ते मुलाच्या छंदामुळे नव्हे. आई शिकारीत मारली गेली, कारण मारणाऱ्यांना भूक होती. पिल्लू उरले, म्हणून ते घरात आले. त्यामुळे त्या घरातल्या गमतीलाही भुकेची किनार आहे. ड्युरेलच्या घरात ती किनार नाही. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, असे मी रसिकांना सुचवीन. एकाने हसायला शिकवावे आणि दुसऱ्याने विचारावे, की कोणाला काही झाले का.

याच महिन्यातली घरची एक गोष्ट सांगितल्याखेरीज हा लेख प्रामाणिक होणार नाही. आमच्या मांजरीने पेपर ठेवायच्या कपाटात तीन पिल्ले घातली म्हणून घरात आनंदीआनंद होता. बहीण बाळंतपणाला आली होती. ‘घरात दोन बाळंतिणी’ म्हणून आई प्रत्येक येणाऱ्याला हसून सांगत होती. एका संध्याकाळी सरपण काढताना लाल विंचू निघाला. मी चप्पल मारली. चप्पल उचलल्यावर दिसले, की त्याच्या पाठीवर पिल्ले होती. आतल्या खोलीत आठ दिवसांचे मूल जमिनीवर निजले होते. पुन्हा तसा प्रसंग आला तर मी पुन्हा तेच करीन, याबद्दल मला शंका नाही. परंतु पूर्वी मी किती विंचू मारले असतील आणि त्यांच्या पाठीवर काय होते हे एकदाही पाहिले नव्हते. हे पाहायला मला जमशेदपुरात जन्मलेल्या एका इंग्रजाने शिकवले. पुस्तकाचे ऋण यापेक्षा जास्त काय असते?

आणि त्यानंतर मी दिवा घेऊन सरपणाच्या ढिगाशी बसलो आणि पिल्ले मोजू लागलो. सगळी सापडली की नाही, हा तिसऱ्या बाकावरचा प्रश्न किती खरा होता, ते तेव्हा कळले.

चौथ्या शनिवारी मी तेच प्रकरण पुन्हा सांगितले. आधी मेंढपाळाची गोष्ट सांगितली, मग आगपेटीची. मोलकरणीला चावा बसला आणि पुष्कळ दिवस तिचा पाय दुखत होता, असे सांगितले. ‘फक्त’ म्हणालो नाही. पिल्ले आईच्या पाठीवर परत चढली, तिला भिंतीवर सोडले, असेही सांगितले. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, ‘विंचवाची पिल्लं आईला खातात, गुरुजी.’ ती समजूत खोटी आहे, पहिली कात टाकीपर्यंत ती नुसती पाठीवर बसून असतात, हे मी त्याला समजावले. मग लॅरी पुढे प्रत्येक आगपेटी हाताला रुमाल गुंडाळून उघडू लागला, हे सांगितले तेव्हा वर्ग हसला. ती मुलगीही हसली.