व्हेनिसचे वाटाडे

टीकाकारांच्या पंगतीत काही पुस्तकांसाठी कधीच पान मांडले जात नाही. पाकशास्त्राची पुस्तके त्यांत येतात, पंचांग येते आणि प्रवाशाला सल्ले देणारी पुस्तकेही येतात. प्रवासवर्णनाला आपल्याकडे मान आहे. 'अपूर्वाई' (१९६०) घरोघर वाचली गेली, आणि गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' तर आपण अभिमानाने मिरवतो. पण 'कोठे उतरावे, काय पाहावे, काय टाळावे' एवढेच सांगणाऱ्या पुस्तकाला वाङ्मय म्हणायला आपली जीभ धजत नाही. हा पंक्तिप्रपंच मला अन्यायाचा वाटतो. कादंबरी वाचून माणूस फार तर हळहळतो. सल्ल्याचे पुस्तक वाचून तो उठतो, तिकीट काढतो आणि त्या पुस्तकाने दाखवलेल्या दाराशी जाऊन उभा राहतो. वर्षानुवर्षे लाखो माणसे अशी एकाच दाराशी येऊन उभी राहिली म्हणजे दारामागच्या घराचे काय होते, हा प्रश्न टीकाकाराच्या कक्षेबाहेरचा आहे असे मी मानीत नाही.

उदाहरणासाठी मी व्हेनिस निवडतो. चकल्या-करंज्यांबरोबर पुढच्या मे महिन्यातल्या युरोपच्या सहलीचे बेत ज्या घरांतून शिजत असतील, त्यांच्या यादीत हे नाव बहुधा असेलच. आणि ज्यांना जायचे नाही, त्यांनाही एका शहराला सल्ल्यांनी कसे घडवले आणि कसे जेरीस आणले हे पाहणे मनोरंजक वाटेल.

परीक्षेला मोजपट्टी हवी. ती मी परक्यांकडून उसनी आणीत नाही. आपल्याकडची क्षेत्रमाहात्म्ये हीही एका अर्थी प्रवाशाची पुस्तकेच होती. त्यांत तीन गोष्टी सांगितलेल्या असत. क्षेत्राचा महिमा काय, हे माहात्म्य. तेथे कोणत्या क्रमाने काय करावे, हा विधी. आणि काय करू नये, हा निषेध. ज्या पुस्तकात हे तिन्ही नीट सांभाळले आहेत ते चांगले, असे म्हणून पुढे जाऊ.

माहात्म्याची उणीव व्हेनिसला कधी पडलीच नाही. १५८१ साली फ्रान्चेस्को सान्सोव्हिनो यांनी या शहराचे विस्तृत वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या नावातच शहराला अत्यंत उदात्त आणि एकमेव म्हटले आहे. हे गृहस्थ याकोपो सान्सोव्हिनो या वास्तुशिल्पज्ञाचे चिरंजीव, म्हणजे सान मार्को चौकाजवळची ग्रंथालयाची देखणी इमारत ज्यांनी उभारली त्यांचे. तेव्हा घरचाच माणूस घराची स्तुती गातो आहे, हे उघड आहे. पण त्या स्तुतीला ज्ञानाचा आधार आहे. कोणते देऊळ कोणी बांधले, कोणाच्या वाड्यात काय आहे, सण कसे होतात, हे त्याला ठाऊक आहे, म्हणून त्याची विशेषणे सुसह्य होतात.

१८४६ साली रेल्वेचा पूल झाला आणि बेट असलेले शहर जमिनीला जोडले गेले. त्याच सुमारास युरोपात प्रवासी हस्तपुस्तिकांचा जमाना सुरू झाला. लंडनच्या मरे यांची उत्तर इटलीवरची पुस्तिका १८४२ ची. त्यांचे प्रतिस्पर्धी बेडेकर. नाव ऐकून आपल्या वाचकाला हे कोकणातले वाटतील, पण हे कार्ल बेडेकर जर्मन. महत्त्वाच्या स्थळाच्या नावाशी तारा छापण्याची रीत त्यांच्या पुस्तकांनी जगभर रुजवली. या एका ताऱ्याने माहात्म्याची सगळी भाषा बदलली. कारण सांगण्याची गरज उरली नाही. तारा असला की पाहायचे, नसला की पुढे चालायचे. आज मोबाइलवर पाचांपैकी किती तारे मिळाले हे पाहून आपण जेवायला बसतो, त्याचे मूळ येथे आहे.

या ताऱ्यांच्या राज्यात बंड केले ते जॉन रस्किन यांनी. 'व्हेनिसचे पाषाण' हा त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ १८५१ ते १८५३ या काळात निघाला. त्यासाठी दोन हिवाळे ते तेथे राहिले, मोजमापे घेतली, दोजेंच्या राजवाड्याचे स्तंभशीर्ष एकेक करून तपासले. पुढे प्रवाशांसाठी त्यांनी या ग्रंथाची लहान आवृत्तीही काढली, म्हणजे हा थोर टीकाकार स्वतःच वाटाड्या झाला. वाटाड्या म्हणून ते फार कडक आहेत. बोट धरून नेतात आणि खांबापुढे उभे करून 'आता नीट पाहा' म्हणून दरडावतात. त्यांचा गुण हा, की ते पाहायला शिकवतात. दोष हा, की त्यांना जे आवडत नाही ते पाहण्याची ते परवानगीच देत नाहीत. पाल्लादियोचे सान जॉर्जो माज्जोरे हे पाण्यापलीकडचे शुभ्र देऊळ त्यांना मुळीच खपत नसे. रस्किन यांचे ऐकावे, पण त्या देवळाशी होडी थांबली की खुशाल उतरावे, असा माझा सल्ला आहे.

जॅन मॉरिस यांचे 'व्हेनिस' (१९६०) मला या सर्वांहून अधिक जवळचे वाटते. त्या तेथे बिऱ्हाड करून राहिल्या होत्या, आणि राहिलेल्या माणसाचे डोळे वेगळे असतात. मांजरे, कचऱ्याच्या होड्या, धुके, शेजाऱ्यांच्या लकबी हे सारे त्यांच्या पुस्तकात येते. तारे छापणाऱ्यांच्या लेखी या गोष्टी शहरात नव्हत्याच.

आता आजचे सल्ले पाहू. 'एका दिवसात व्हेनिस' हा त्यांचा आवडता मथळा. सान मार्को, रिआल्तोचा पूल, गोंडोल्यातून फेरी, काचेचे सामान, आणि संध्याकाळी परत. भाषा पाहावी तर 'स्वप्ननगरी', 'नयनरम्य', 'पाण्यावर तरंगणारे शहर'. यांपैकी शेवटचा शब्दप्रयोग मला विशेष खटकतो. व्हेनिस तरंगत नाही. खाऱ्या, उथळ पाण्यातल्या शंभरावर बेटांच्या चिखलात लाकडी मेढी ठोकून, त्यांवर इस्त्रियातला दगड रचून ते उभे केले आहे. चिखलात हवा पोहोचत नाही, म्हणून लाकूड शतकानुशतके टिकते. शहर तरंगत असते तर त्याला उधाणाची भीती कशाला वाटली असती? १९६६ च्या नोव्हेंबरात पाणी १९४ सेंटिमीटर चढले, २०१९ च्या नोव्हेंबरात १८७. आता समुद्राच्या तीन मुखांशी ७८ पोलादी दारे बसवली आहेत. ती भरतीपुढे प्रथम उभी राहिली २०२० च्या ऑक्टोबरात. 'तरंगणारे' या एका गोड शब्दाने ही सारी झुंज झाकून टाकली. विशेषणाने कारणाची जागा घेतली की सल्ला खोटा होतो.

तीच गत चौकांतल्या विहिरींची. सल्लागार लिहितात, 'कोरीव दगडी विहिरींपाशी फोटो काढावा.' जरूर काढावा. पण पाण्याने वेढलेल्या या शहरात प्यायला पाण्याचा थेंब नव्हता, हे कोणी सांगावे? चौकाखाली मातीने लिंपलेले टाके असे, त्यात वाळू भरलेली असे. पावसाचे पाणी फरशीतल्या भोकांतून आत जाई, वाळूतून गाळले जाई आणि मधल्या विहिरीत येई. मुख्य भूमीवरून नळाचे पाणी आले १८८४ साली. एवढे कळल्यावर तो चौक निराळा दिसतो. त्याला तेथे 'काम्पो', म्हणजे शेत किंवा मैदान म्हणतात. साऱ्या शहरात 'पियाझ्झा' म्हणवणारा चौक एकच, सान मार्कोचा.

आणखी एक सल्ला अलीकडे फार लोकप्रिय आहे, 'व्हेनिसमध्ये मुद्दाम हरवा.' हा सल्ला चांगला आहे, पण तो सांगणाऱ्याला त्याचे कारण ठाऊक नसते. तेथे घरांचे क्रमांक रस्त्याप्रमाणे लावलेले नाहीत. शहराचे सहा विभाग, आणि प्रत्येक विभागात क्रमांक एकापासून निघून हजारांच्या घरात जातात. पत्ता हाती असूनही माणूस भांबावतो. अशा वेळी भिंतीवरच्या रिआल्तो आणि सान मार्को दाखवणाऱ्या पाट्या शोधाव्यात. मुख्य वाट त्या सोडू देत नाहीत. हरवण्याची सोय आणि सापडण्याची सोय अशी दोन्ही शहराने केली आहे.

मराठीतले सल्ले मी आवर्जून वाचतो. त्यांत जिव्हाळा असतो. मेतकूट न्यावे, पायांत मऊ जोडे असावेत, शाकाहाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे, हे सारे आईच्या मायेने सांगितलेले असते. पण शहराविषयीचा मजकूर इंग्रजीतून उचललेला दिसतो, आणि म्हणून आपल्याच घरातली गोष्ट निसटते. आजीच्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळी घ्या. तिचे मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या दुकातात आहे. हे नाणे १२८४ पासून १७९७ साली ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत जवळजवळ त्याच रूपात पडत राहिले. त्यावर संत मार्क यांच्यापुढे गुडघे टेकलेला दोजे, म्हणजे तेथला राज्यप्रमुख, कोरलेला असे. व्यापारातून ते आपल्या किनाऱ्यावर आले, आपण त्या आकृतींना पुतळ्या म्हटले, सोनारांनी त्यांच्या नकला पाडल्या आणि माळ गळ्यात आली. मार्को पोलो या व्हेनिसकराच्या ग्रंथात आपले ठाणे आहे, तेही याच दर्यावरच्या वाटेने. मराठी माणसासाठी व्हेनिसचे माहात्म्य येथून सुरू व्हायला हवे.

राहिला निषेध. सर्वांत दुबळा भाग हाच. तो बहुतेक पुस्तकांत दंडाच्या आकड्यांपुरता येतो. सान मार्कोच्या पायऱ्यांवर बसून खाऊ नये, कबुतरांना दाणे घालू नयेत, कालव्यात उतरू नये, 'अन्यथा इतके युरो.' जणू निषेधाचे कारण म्हणजे दंड! कारण असे आहे की त्या शहरात गल्ली हाच राजरस्ता आहे. पुलावर फोटोसाठी अडून उभ्या राहिलेल्या आपल्या घोळक्यामागे शाळेला निघालेले पोर असते, भाजीची गाडी ढकलणारा असतो, आजारी माणसाला उचलून नेणारेही असतात. म्हणून उजव्या बाजूने, एकामागे एक चालावे. २०२४ पासून मार्गदर्शकाबरोबरच्या घोळक्यात पंचवीसहून अधिक माणसे चालत नाहीत आणि ध्वनिवर्धकही चालत नाही. आपल्या सहलींना दुसरी अट जड जाईल, पण ती मानावी.

या निषेधामागे काय पणाला लागले आहे, ते दोन आकडे सांगतात. १९५१ साली जुन्या व्हेनिसमध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहत होती. २०२२ साली ती पन्नास हजारांच्याही खाली आली. घरे पाहुण्यांसाठी भाड्याने गेली, वाण्याच्या दुकानात मुखवटे विकायला आले, तरुण माणसे मेस्त्रेकडे, मुख्य भूमीवर गेली. २०२१ साली प्रचंड प्रवासी जहाजांना सान मार्कोपुढच्या पाण्यातून मज्जाव झाला. २०२४ च्या २५ एप्रिलला, म्हणजे संत मार्क यांच्या सणाच्याच दिवशी, दिवसभरापुरत्या येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशपट्टी घेणे सुरू झाले. त्या वर्षी ती २९ दिवस होती, २०२५ साली ५४ दिवस. दिवस दर वर्षी ठरतात, तेव्हा निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. शहरात मुक्काम करणाऱ्याला ही पट्टी पडत नाही. तो मुक्कामाचा कर निराळा देतो.

रिआल्तोजवळच्या एका औषधाच्या दुकानाने २००८ साली खिडकीत एक आकडा लावला. शहरात किती रहिवासी उरले, एवढेच तो सांगे. व्हेनिसवरच्या साऱ्या साहित्यात मला हा आकडा अत्यंत चोख वाटतो. त्याला विशेषण नाही, तारा नाही. आणि सल्ल्यांच्या पुस्तकांना जो माणूस कधी दिसला नाही, तो यजमान त्यात आहे.

ही टीका करून टीकाकाराने मोकळे होणे बरे नव्हे. म्हणून माझा विधी थोडक्यात सांगतो. जमले तर शहरातच निदान दोन रात्री राहावे. सहलींच्या होड्या परतल्यावर आणि पहाटे ते आपले खरे रूप दाखवते. मोठ्या कालव्यातून पहिल्या क्रमांकाच्या जलबसने जावे. ती रेंगाळत जाते, तेच हवे. गोंडोला परवडत नसेल तर तरीच्या होडीतून, 'त्रागेत्तो'तून, कालवा ओलांडावा. तीही गोंडोलाच आणि पैसे थोडे. शरदात व हिवाळ्यात उधाणाचा अंदाज विचारून बाहेर पडावे. रिआल्तोच्या मंडईत सकाळी जावे आणि काही विकत घ्यावे. भात-वाटाण्याचा 'रिसी ए बिसी' मिळाला तर आपल्या माणसाला तो घरचा वाटेल, मात्र त्यात मांसाचा रस्सा आहे का हे शाकाहाऱ्याने विचारून घ्यावे. एक तरी वस्तू तेथल्या कारागिराच्या हातची घ्यावी, भले ती लहान असो.

माहात्म्याच्या पानावर पुतळी, विधीच्या पानावर चौकातली विहीर आणि निषेधाच्या पानावर औषधाच्या दुकानातला तो आकडा, असे व्हेनिसचे पुस्तक मराठीत मला अजून भेटलेले नाही. कोणी लिहिले तर पंगतीत त्याचे पान मी स्वतः मांडीन.