जोखमीची यादी आणि डब्यातली पोळी

मधली सुट्टी संपत आली तरी एखाद्या मुलाचा डबा अर्धाच असतो. पोळीचा घास तो फार वेळ चावतो, प्रत्येक घासामागे पाणी पितो, मधेच थांबतो. ‘नाटकं करतोय’ असे म्हणून आपण मोकळे होतो. क्वचित एखाद्या मुलात मात्र यामागे अन्ननलिकेचा अॅलर्जीजन्य दाह असतो. इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी अन्ननलिकेच्या अस्तरात जमतात, आणि वर्षानुवर्षे उपचार न झाल्यास नलिका अरुंद होऊ शकते. वेगळा आजार म्हणून त्याची ओळख पटली ती १९९०च्या दशकात.

त्यात परिसराचा वाटा आहे का? २०१४ साली प्रसिद्ध झालेला जुळ्यांचा अभ्यास येथे बोलका आहे. भिन्न जुळ्यांमधील जनुकीय साम्य सख्ख्या भावंडांइतकेच असते. तरीही एकाला हा आजार असताना दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण साध्या भावंडांपेक्षा सुमारे दहापट आढळले. जुळ्यांचे गर्भाशय एक आणि तान्हेपणही एकाच वेळचे. म्हणजे आयुष्याच्या आरंभीचा परिसर महत्त्वाचा. हा युक्तिवाद भक्कम आहे.

त्यापुढची यादी मात्र तपासून घ्यावी लागते. सिझेरियन, तान्हेपणी दिलेली प्रतिजैविके, आम्ल कमी करणारी औषधे यांचा या आजाराशी संबंध दिसतो, असे पाश्चात्त्य देशांतले अभ्यास सांगतात. पण आम्लाचे औषध कोणत्या बाळाला देतात? जे सारखे ओकते त्याला. आणि ते ओकणे हीच या आजाराची सुरुवात असेल तर? रस्त्यावर छत्र्या दिसल्या म्हणजे छत्र्यांनी पाऊस आणला असे होत नाही. शिवाय यातली बरीच माहिती आईला काही वर्षांनी आठवून सांगावी लागते, आणि आजारी मुलाची आई अधिक बारकाईने आठवते.

दुसरा मुद्दा आपल्या उपनगरांचा. १९९८ साली ५६ देशांतील १५५ केंद्रांमधल्या सुमारे ४ लाख ६४ हजार शाळकरी मुलांची अॅलर्जीविषयक पाहणी प्रसिद्ध झाली. त्या केंद्रांत आपले बोरिवलीही होते. दमा, नाकाची अॅलर्जी, इसब यांबद्दल वर्गात प्रश्नावली वाटून विचारता आले. अन्ननलिकेचे तसे नाही. दुर्बीण आत घालून अस्तराचे तुकडे काढायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एका दृष्टिक्षेत्रात १५ किंवा अधिक इओसिनोफिल मोजायचे, तेव्हा कुठे निदान होते. त्यामुळे या आजाराचा जगाचा नकाशा हा बऱ्याच अंशी दुर्बिणींचाच नकाशा आहे. त्यावरून ‘आपल्याकडे हा आजार नाही’ असे म्हणता येत नाही. २०१६च्या जानेवारीत देवनारची कचराभूमी पेटली. तिचा धूर फुप्फुसांना घातक, यात वाद नाही. पण अन्ननलिकेचा गुन्हाही त्याच्याच माथी मारायचा, तर वेगळा पुरावा हवा.

मग शिक्षकाने काय करावे? निरीक्षण. घास अडकणे, जेवायला फार वेळ लागणे, वारंवार उलट्या हे पुन्हापुन्हा दिसले तर पालकांना बोलवावे आणि बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगावे. दूध-गहू बंद करण्याचा सल्ला आपण देऊ नये. वाढत्या वयात तो महागात पडतो. यादीला घाबरून गरजेचे प्रतिजैविकही कोणी टाळू नये. वरच्या वर्गात जुळ्यांचा आणि आम्लाच्या औषधाचा, हे दोन्ही युक्तिवाद फळ्यावर शेजारी-शेजारी मांडून पाहा. पुरावा कुठे भक्कम आहे आणि कुठे डळमळतो, ते मुलांनाच शोधू द्या.