सहावा रस

वाटीत काढलेल्या जांभळाच्या सॉर्बेकडे आधी थोडा वेळ नुसतं बघावं. फ्रीजरमधून बाहेर येऊन चार-पाच मिनिटं झाली की गोळ्याच्या बुडाशी एक गडद रेघ धरू लागते. गोळा राणी रंगाचा, आणि रेघ जवळजवळ काळी. एकाच लगद्यातून आलेले हे दोन रंग वेगळे का दिसतात, हे ज्याला उमगलं त्याला घरच्या घरी, कुठलंही यंत्र न आणता सॉर्बे करता येतं.

पाणी गोठतं तेव्हा ते साखरेला, आंबटपणाला, रंगाला, कुणालाच आत घेत नाही. बर्फाचा कण निखळ पाण्याचा बनतो. बाकीचं सगळं त्या कणाभोवतीच्या न गोठलेल्या पाण्यात साठत जातं आणि दाट होत जातं. गाडीवरचा काला खट्टा गोळा आठवा. दोन-तीनदा जोरात ओढला की रस तोंडात येतो आणि काडीवर पांढरा बर्फ उरतो. सॉर्बे हाही एक गोळाच असतो, फक्त त्यातले बर्फाचे कण इतके बारीक असतात आणि रस त्यांच्या मधोमध इतका दडलेला असतो की जिभेला दोघांना वेगळं काढता येत नाही. जिभेला जे जमत नाही, ते जूनची दमट हवा पाच मिनिटांत करून दाखवते. ती काळी रेघ म्हणजे बर्फाच्या तावडीतून सुटलेला जांभळाचा रस.

म्हणजे सगळी कला कण बारीक ठेवण्याची. कण मोठे झाले की दाताखाली कचकच लागते, रस वेगळा पळतो आणि गोड पाण्यात भिजलेला बर्फ खाल्ल्यासारखं होतं. यंत्र काय करतं? मिश्रण गोठत असताना ते सतत ढवळत राहतं, म्हणून कणांना वाढायला उसंत मिळत नाही. यंत्र नसेल तर हे कसं साधायचं, असं लोक विचारतात तेव्हा मला नेहमी नेपल्स आठवतं. तिथे अंतोनियो लातिनीचा ‘लो स्काल्को आला मोदेर्ना’ हा पाकशास्त्राचा ग्रंथ 1692 ते 1694 या काळात दोन भागांत छापला गेला. लिंबू, स्ट्रॉबेरी, आंबट चेरी, दालचिनी अशा सॉर्बेत्तोंच्या कृती त्यात आहेत. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटचं पेटंट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सनने घेतलं ते 1843 साली. मधली दीडशे वर्षं लोक सॉर्बे खातच होते. धातूचं भांडं, भोवती मिठात कालवलेला बर्फ आणि ढवळायला हात, एवढ्यावर. शब्द तर आपल्या माजघरातलाच आहे. अरबी-फारसीतून आपल्याकडे ‘सरबत’ आलं. तोच शब्द तुर्कस्तानमार्गे इटलीत जाऊन ‘सॉर्बेत्तो’ झाला आणि फ्रेंचांनी त्याचं ‘सॉर्बे’ केलं.

आता साखर. इथेच बहुतेकांचं बिघडतं, माझंही बिघडलं होतं. पहिल्यांदा केलं तेव्हा ‘फळ गोडच आहे, साखर निम्मी पुरे’ म्हणून मी हात आखडता घेतला. दुसऱ्या दिवशी डब्यात जांभळ्या रंगाचा दगड होता. चमचा वाकला. शेवटी बत्त्याने फोडून त्याचं पाणी करून प्यायलो. सॉर्बेतली साखर गोडीसाठी जेवढी असते, त्याहून जास्त ती मऊपणासाठी असते, हे त्या दिवशी कळलं. साखर विरघळलेलं पाणी शून्य अंशाला गोठत नाही. एकूण मिश्रणात फळाची आणि वरची मिळून साधारण पाव हिस्सा किंवा थोडी जास्त साखर असेल, तर ते उणे दोन-तीन अंशांच्या आसपास गोठायला सुरुवात होते. पाण्याचा पहिला भाग गोठला की उरलेलं पाणी आणखी गोड होतं, मग ते आणखी उशिरा गोठतं. घरच्या फ्रीजरच्या उणे 18 अंशांतही थोडा रस पातळच राहतो, आणि त्या पातळ रसामुळेच चमचा आत शिरतो. साखर फार झाली तर उलटा प्रकार होतो, रात्रभर ठेवूनही लापशीच राहते.

थंडीत जिभेला गोडी कमी लागते, हेही धरून चालायचं. गोठवण्यापूर्वी चाखलेलं मिश्रण ‘जरा जास्तच गोड झालं’ असं वाटलं पाहिजे. युरोपातले जुने स्वयंपाकी त्यात धुतलेलं ताजं अख्खं अंडं सोडून बघत. ते तरंगलं आणि रुपयाएवढं डोकं वर राहिलं की साखर बरोबर. पातळ रसासाठी ही परीक्षा छान आहे. जांभळाच्या दाट लगद्यात अंडं नीट बोलत नाही, तिथे वजनकाटाच बरा. माझं ठरलेलं माप असं: गाळलेला लगदा 500 ग्रॅम, साखर 150 ग्रॅम, पाणी 100 मिली, एका लहान लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. पाक करायचा नाही. तार तर मुळीच नको, साखर पाण्यात विरघळण्यापुरतं गरम करून पूर्ण गार करायचं.

लगदा काढणं मात्र घाईचं काम नाही, आणि या सगळ्यातला माझा सर्वांत आवडता भाग तोच आहे. पालघरकडच्या बहाडोलीची जांभळं मिळाली तर सोन्याहून पिवळं. या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि ते त्याच्या गराला शोभतं. साधारण पाऊण किलो जांभळं धुऊन, पुसून, मोठ्या परातीत घ्यायची आणि मापातली मूठभर साखर वर भुरभुरून दोन तास झाकून ठेवायची. साखर फळातलं पाणी ओढून घेते, सालं सैल होतात. मग रोवळीत किंवा भोकाच्या चाळणीत घेऊन हातानेच चोळायची. पुरणयंत्रही चालतं, पण हाताला जे कळतं ते त्याला कळत नाही. जांभळाचा गर आतून फिका असतो, खरा रंग सालीत. पहिल्या दोन मिनिटांत चाळणीखाली पडतो तो नुसता मळकट, गुलाबीसर गर. तेवढ्यावर थांबलात तर सॉर्बे फिकं होणार. चोळत राहिलं की सालं तळहाताखाली झिजू लागतात आणि परातीत एकदम शाईसारखा रंग उतरतो. बिया बोटांना खडबडीत न लागता गुळगुळीत लागू लागल्या की समजायचं, झालं. मग लिंबू पिळायचं. त्या काळपट लगद्यावर रस पडतो तिथे लालसर गुलाबी डाग उमटतो आणि ढवळलं की सगळंच उजळतं. आंबट लागलं की तांबडं व्हायचं, ही जांभळाच्या रंगद्रव्याची जातच आहे. दरवर्षी बघतो, तरी त्या क्षणी माझा हात थांबतो.

पुढे तीन वाटा आहेत. सगळ्यांत सोपी काट्याची. मिश्रण पसरट डब्यात ओतून फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि दर अर्ध्या तासाने काट्याने कडेचा बर्फ खरवडून मध्ये आणायचा, पाच-सहा वेळा. याने होतं ते रवाळ. कोकमाच्या आगळाला किंवा कलिंगडाला हीच वाट योग्य, कारण त्यांच्यात दाट गर नसतो आणि त्यांनी मऊ व्हावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. त्यांचा रवाळपणा तहानेच्या वेळी गोड वाटतो.

दुसरी वाट मिक्सरची. मिश्रण ताटात किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये पूर्ण गोठवायचं, तुकडे करायचे, मिक्सरचं भांडंही आधी फ्रीजमध्ये गार करून घ्यायचं आणि बटण थांबत-थांबत फिरवायचं. सलग फिरवलं तर पात्याच्या उष्णतेने वितळतं. मोठे कण फुटून बारीक होतात, थोडी हवा शिरते आणि काळपट जांभळ्याचा तो राणी रंग होतो. लगेच डब्यात भरून दोन-तीन तास पुन्हा गोठवायचं. शहरातल्या घराला हीच सोयीची आणि मी बहुतेक वेळा हीच घेतो.

तिसरी जुनी. बादलीत बर्फाचे तुकडे आणि खडे मीठ, वजनाने तिनास एक, आणि त्यात घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. नुसत्या वितळत्या बर्फात डबा शून्याखाली जात नाही. मीठ पडलं की बर्फ झपाट्याने वितळू लागतो, त्यासाठी लागणारी उष्णता शेजारून ओढतो आणि बादलीतलं खारं पाणी शून्याच्या खूप खाली उतरतं. मिठाच्या पाण्याची हद्द उणे 21 अंश. डबा हाताने डावी-उजवीकडे फिरवत राहायचं, मधूनमधून उघडून उलथन्याने कड खरवडायची. मेहनत खरी, पण गोठणं पटकन होतं आणि पटकन गोठलेल्याचा कण बारीक. आमच्याकडे लग्नकार्यात लाकडी पॉट फिरवायचे, त्याच्यामागेही हेच. झाकणाच्या फटीतून खारं पाणी आत जाऊ नये एवढंच जपायचं, एक चमचा गेला तरी सगळं गेलं.

बाकी फळांबद्दल थोडक्यात. हापूस सोपा, इतका की त्याचं कौतुक करवत नाही. त्याचा गर मुळातच दाट, तो कणांना आपोआप आवरून धरतो. पेरू शिजवून गाळून घेतला तर त्याचंही सुंदर होतं, वर किंचित तिखट-मीठ. सीताफळ मी दुधासाठीच ठेवतो. करवंदाचं केलंय, पण चीक नीट गेला नाही तर तोंड चिकटतं.

जांभळावर माझा जीव आहे तो दुसऱ्या कारणाने. जांभळाचं आइस्क्रीम मी खूप खाल्लंय. रंग देखणा असतो, चव छान असते आणि गिळल्याबरोबर संपते. काहीतरी हरवलंय असं वाटायचं, काय ते कळत नव्हतं. ते तुरटपण होतं. तुरट ही खरं तर जिभेची चव कमी आणि स्पर्श जास्त. फळातली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात, लाळेचा ओशटपणा जातो आणि गालाची आतली बाजू कोरडी, खरखरीत लागते. दूध घातलं की ही टॅनिनं दुधाच्याच प्रथिनांना चिकटतात, तोंडापर्यंत पोहोचेतो त्यांचं काम संपलेलं असतं. कडक चहात दूध घालतो तेव्हा नेमकं हेच होतं. चहाचं त्याने भलं होतं, जांभळाचं नाही.

सॉर्बेत दूध नाही, त्यामुळे कुणी मध्ये पडत नाही. पहिला चमचा जिभेवर ठेवला की आधी फक्त गारवा. वास नाही, चव नाही, कारण थंडीने सुगंध आवळून धरलेला असतो. टाळूला लावून जरा थांबायचं. मग कडेने आंबट जागं होतं, पाठोपाठ गोड, आणि वितळता वितळता नाकाच्या मागच्या बाजूने जांभळाचा तो ओलसर, रानाचा वास वर येतो. मिठाची चिमूट इथे कळते. दिसत नाही, पण गोडाला टेकू देते. पानाच्या द्रोणात मीठ भुरभुरून जांभळं विकणाऱ्या बायकांना हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. गिळून झाल्यावर, तोंड रिकामं झाल्यावर, तुरट येतं. आयुर्वेदाच्या सहा रसांत कषाय शेवटी मोजतात, तोंडातही तो शेवटीच पोहोचतो. आणि सगळ्यांत जास्त वेळ थांबतो.

गेल्या जूनमध्ये आत्या आली होती. तिच्यापुढे वाटी ठेवली तर म्हणाली, “अरे, यात दूध नाही घातलंस? नुसतं पाण्याचं?”

“खाऊन बघ आधी.”

तिने एक चमचा घेतला, डोळे बारीक केले, दुसरा घेतला. मग काही न बोलता वाटी संपवली, बुडाशी साठलेला काळा रससुद्धा तोंडाला लावून प्यायली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने हातानेच तो बाजूला सारला, जीभ दातांवरून फिरवली आणि म्हणाली, “नको. जरा थांब. अजून लागतंय.”