खरा व्हर्मीर कोणता?

फास्टर फेणे जाईल तिथे भानगड उभी राहते, हा योगायोग आपण लहानपणी विनातक्रार मान्य केला. कारण भानगडीतून तो सुटायचा ते मात्र डोकं आणि पाय चालवून. योगायोगानं गोष्ट सुरू व्हावी, पण सुटू नये, हा रहस्यकथेचा अलिखित करार. ब्लू बॅलिएट या अमेरिकी लेखिकेनं ‘चेसिंग व्हर्मीर’ (२००४) या मुलांच्या कादंबरीत तो उघडउघड मोडला आहे.

शिकागोच्या हाइड पार्क भागात सहावीत शिकणारे पेट्रा आणि काल्डर. (काल्डरचं आडनाव पिल्ले, त्यामुळे आपले कान उगाच टवकारतात.) त्याच्या खिशात कायम पेंटोमिनो असतात: पाच चौरस कडेला कड लावून होणारे बारा आकार. नीट जुळवले तर साठ चौरसांचा अख्खा आयत भरतो, फट राहत नाही. वॉशिंग्टनहून शिकागोला येताना डच चित्रकार व्हर्मीरचं ‘पत्र लिहिणारी स्त्री’ हे चित्र चोरीला जातं आणि ही दोघं मागावर निघतात.

गंमत अशी, की पेंटोमिनो हातानं जुळवावे लागतात. कथानकातले तुकडे मात्र आपणहून जागेवर येऊन पडतात. स्वप्नं पडतात, आकडे जुळतात. बेडकांच्या पावसासारख्या विचित्र बातम्या जमवणाऱ्या चार्ल्स फोर्टचं ‘लो!’ (१९३१) पेट्राला सापडतं, आणि लेखिकेला जणू परवानाच मिळतो. मुलांना आकृतिबंध ओळखायला शिकवावं, जरूर. पण प्रत्येक आकृतिबंधात अर्थ असतोच, असं शिकवणं म्हणजे त्यांना पत्रिका बघायला बसवणं. त्या मानानं ब्रेट हेलक्विस्टच्या चित्रांत लपवलेला सांकेतिक निरोप प्रामाणिक आहे. तो वाचकाला स्वतःच शोधावा लागतो.

एवढं असूनही पुस्तक हातातून सुटत नाही, ते चोरामुळे. आपल्याला पैसा नको, असं तो सांगतो. व्हर्मीरच्या नावावरची काही चित्रं त्याची नव्हेतच, हे संग्रहालयांनी कबूल करावं, एवढीच त्याची मागणी. मग माणसं खरोखरच संग्रहालयांत जाऊन चित्रं निरखू लागतात. ही कल्पना हवेतली नाही. व्हर्मीरची मानली जाणारी चित्रं जेमतेम पस्तीस-सदतीस. १९३०च्या दशकात रॉटरडॅमच्या संग्रहालयानं मोठ्या कौतुकानं घेतलेला ‘व्हर्मीर’ पुढे बनावट चित्रं करणाऱ्या हान फान मेखेरेनच्या हातचा निघाला. आणि २०२२ मध्ये तर वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीनंच, म्हणजे कादंबरीतलं चित्र जिच्या मालकीचं आहे तिनंच, आपल्याकडची ‘बासरीवाली मुलगी’ व्हर्मीरची नसल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या मोठ्या प्रदर्शनात ती व्हर्मीरची म्हणूनच लागली. बॅलिएटचा चोर हे वाचून हसला असता.

पुढे बॅलिएटनं फ्रँक लॉइड राइटच्या वास्तूवर आणि अलेक्झांडर काल्डरच्या शिल्पांवरही अशाच कादंबऱ्या लिहिल्या. तिथे वाद घालण्याजोगा असा प्रश्न उरत नाही, कोडी तेवढी उरतात.

पुस्तक मिटल्यावर मी ते चोरलेलं चित्र पुन्हा काढून पाहिलं. पिवळं जाकीट, हातात लेखणी, पत्र अर्धवट. लिहिता लिहिता तिनं मान वर केली आहे. कुणीतरी खोलीत आलं असावं.