‘बी वॉटर’ : गौरव कीं परीक्षण?

थोर पुरुषाची तसबीर देव्हाऱ्यांत ठेवणें सोपें. त्याला प्रश्न विचारणें कठीण. ब्रूस ली याच्यावर बाओ न्गुयेन यांनीं काढलेला ‘बी वॉटर’ हा अनुबोधपट २०२० सालीं सन्डान्स महोत्सवांत प्रथम दाखविला गेला. अशा चित्रपटामागून दिग्दर्शकाशीं प्रश्नोत्तरें ठेवण्याची आतां चालच पडली आहे. पण जमलेली मंडळी बहुधा नायकाच्या प्रेमानेंच आलेली असते, आणि टाळ्या आधींच ठरून गेलेल्या असतात. रसिकानें स्वतःस प्रश्न विचारावयाचा तो यासाठींच.

विषयाची योग्यता वादातीत आहे. १९४० सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें जन्मलेला व हाँगकाँगमध्यें वाढलेला हा तरुण इप मान यांजपाशीं विंग चुन शिकला आणि १९५९ सालीं अमेरिकेस परतला. पुढें ‘ग्रीन हॉर्नेट’ (१९६६-६७) या दूरचित्रवाणीवरील मालिकेंत त्याच्या वांट्यास आली ती नायकाच्या सेवकाची भूमिका. हॉलिवुडांत नायकपण मिळेना, तेव्हां तो हाँगकाँगच्या चित्रसृष्टीकडे वळला, आणि दोन-तीन वर्षांतच जगाला ठाऊक झाला. २० जुलै १९७३ रोजीं, अवघ्या बत्तिशींत, तो वारला. ‘एंटर द ड्रॅगन’ प्रकाशांत आला तो त्याच्या मृत्यूनंतर.

न्गुयेन यांची खरी कल्पकता एका साध्या निर्णयांत आहे. पत्नी लिंडा, कन्या शॅनन व इतर स्नेही यांचे केवळ आवाज ऐकूं येतात. बहुतेक चित्रपटभर त्यांचे चेहरे दिसत नाहींत. पडद्यावर जुनीं दृश्येंच चालू राहतात. आवाज वृद्ध झाले आहेत, तो मात्र तरुणच आहे! या विरोधांतून जें कारुण्य उत्पन्न होतें, तें कोणत्याहि स्तुतिपर भाषणानें झालें नसतें.

“पाण्यासारखे व्हा” ही त्याची शिकवण आज सुभाषितासारखी मिरविली जाते. या चित्रपटांत तिचा मूळ अर्थ उमगतो. ज्याला सर्व दारें बंद दिसलीं, त्यानें शोधलेली ती वाट होती. वर्णद्वेषाची कथा येथें आक्रोशाविना सांगितली आहे, म्हणूनच ती मनांत रुतते.

उणीव आहे ती वेगळीच. आमच्या तालमींतला वस्ताद कीर्तीपेक्षां डावानें ओळखला जातो. ज्या ‘जीत कुन दो’ पद्धतीसाठीं त्यानें रूढ चौकटी मोडल्या, तिची घडण मात्र येथें पुरेशी उलगडत नाहीं. नायकाच्या दुःखाशीं आपण समरस होतों. त्याच्या विद्येपाशीं मात्र उंबरठ्यावरच थांबतों. पाणी भांड्याचा आकार घेतें खरें. पण गौरवाचें भांडें या चित्रपटास किंचित् अपुरें पडलें आहे. दिग्दर्शकाशीं बोलण्याचा योग आलाच, तर टाळ्यांआधीं हा एक प्रश्न अवश्य विचारावा.